नोंद सापडली, आता दप्तर मिटू नका

मराठा आरक्षणासाठी झालेल्या कुणबी नोंदींच्या शोधाने महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट घडली आणि राजकारणाच्या गदारोळात तिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. लाखो घरांनी पहिल्यांदाच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तुमच्या आज्याच्या बापाचं नाव काय? सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, ती आधी मराठवाड्यापुरती आणि नोव्हेंबरात सगळ्या राज्यासाठी. तहसिलांच्या माळ्यावरचे गठ्ठे खाली आले. भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग, पोलीस ठाणी, सगळीकडची जुनी रजिस्टरं उघडली गेली. पन्नास लाखांहून जास्त कुणबी नोंदी निघाल्या आणि त्यांची पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. आरक्षण कोणाला मिळावं, कसं मिळावं, यावर मला इथे काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते त्या गठ्ठ्यांबद्दल. हवं ते पान काढून घेतलं आणि गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला, असं होऊ लागलं आहे. ते होऊ नये.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं भांडगाव. पुणे-सोलापूर रस्त्याने यवत मागे टाकलं की चौफुल्याच्या अलीकडे लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे दाखल-खारीज रजिस्टरशी जुनी ओळख. अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून असते, हे कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला सांगावं लागत नाही. माझ्या चुलतभावाच्या मुलाला जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा होता, तेव्हा त्याने सगळ्यात आधी मला फोन केला. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख मानली जाते. त्याच्या आधीचा कागद असला की काम सोपं होतं. त्याच्या हाती तहसिलातून एक नक्कल लागली. खापरपणजोबांच्या भावाची नोंद, जातीच्या रकान्यात ‘कुणबी’. त्यावरून वंशावळ लिहिली, प्रतिज्ञापत्र झालं, दाखला आला. पोरगं हुशार आहे, त्याचं भलं होवो. पण त्या वंशावळीच्या कागदावर पाच पिढ्यांचे सगळे पुरुष होते आणि बाई एकही नव्हती. जणू आमच्या घरात कोणी कोणाला जन्मच दिला नाही. ते मला सोसलं नाही आणि मी पुढे शोधत राहिले.

शोधायचं कसं, हे आधी सांगते, कारण पुष्कळ जण इथेच अडतात. आजच्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी गोलात फेरफाराचा नंबर असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, काढायचा. त्यात कोण मयत झालं, कोण वारस लागलं, कोणी वर्दी दिली, हे लिहिलेलं असतं. त्यावरून मागचा फेरफार, त्यावरून त्याच्या मागचा. मध्ये एक खड्डा येतो. आज आपण गट नंबर म्हणतो, पण 1947 च्या कायद्याने एकत्रीकरण होण्याआधी सर्व्हे नंबर होते आणि गटावरून सर्व्हे नंबरावर जायला एकत्रीकरणाचा उतारा लागतो. तो भूमी अभिलेख कार्यालयात मागायचा. हा पूल ओलांडला की हक्कनोंदीचे जुने कागद लागतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, म्हणजे साधारण तिथपर्यंत माणसांची साखळी नीट लागते. त्याआधी शेतवार पत्रकं, कडईपत्रकं, पाहणीची कागदपत्रं, आणि बहुतेक सगळी मोडीत. तालुक्याच्या नावावरूनही घोटाळा होतो. जुन्या कागदांत दौंड तालुका शोधाल तर सापडणार नाही. आमचा सगळा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. सालं फसली असतात, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं. शके असेल तर 78.

मोडी मी पुण्यात शिकले, निवृत्तीनंतर. शिरोरेघ पानभर आधी ओढून घेतलेली, शब्द एकमेकांना लागलेले, बोरू न उचलता लिहिलेलं. दिवसाकाठी दोन ओळी लागल्या तरी समाधान वाटायचं. पण एकदा गावाची आडनावं आणि ‘बिन’, ‘मयत’, ‘सबब’ असे नेहमीचे शब्द डोळ्यांत बसले की वाट दिसू लागते. तलाठ्याची भाषा ठरलेली असते.

आणि मग 1919 सालचा एक फेरफार समोर आला. माझे पणजोबा मयत. वारस दोन अज्ञान मुलगे. त्यांच्या नावांखाली माझ्या पणजीचं नाव आणि पुढे तीन अक्षरं: अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. शेवटी तिचा अंगठा. शाई एका कडेला जास्त उमटलेली, बोट तिरकं टेकलेलं. ज्या बाईचं नावसुद्धा घरात कोणाला धड सांगता येत नव्हतं, तिच्या अंगठ्याच्या रेषा माझ्यासमोर होत्या.

पुढचे फेरफार वाचले तेव्हा आमच्या घराचा इतिहासच वेगळा निघाला. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की सावकाराकडे अडकलेली विहिरीची जमीन थोरल्या चुलत पणजोबांनी सोडवून आणली आणि म्हणून आपण गावात राहिलो. दप्तर तसं सांगत नाही. 1918 साली पाऊस गेला, त्यात घरचा कर्ता गेला, आणि त्यानंतर त्या जमिनीवर इतर हक्कात सावकाराचा बोजा चढला. तो बोजा कमी झाल्याची नोंद आहे तेव्हा खात्यावर पालनकर्ती म्हणून पणजीच होती. थोरला मुलगा, म्हणजे माझे आजोबा, अजून सज्ञान झाले नव्हते. चुलत पणजोबांचं नाव त्या व्यवहारात कुठे नाही. त्यांनी आडून मदत केली असेल, नाही म्हणत नाही. पण कर्ज फिटलं तेव्हा खात्यावर कोण उभं होतं, ते कागद स्पष्ट सांगतो. नावं मी इथे मुद्दाम देत नाही. त्या व्यवहारातल्या दोन्ही घरांची माणसं आज गावात एकत्र नांदतात, एकमेकांच्या लग्नाकार्यात राबतात.

आजोबा सज्ञान झाल्यावर पणजीच्या नावाला कंस झाला. सातबाऱ्याच्या भाषेत कंस म्हणजे नाव गेलं. मग आजोबांच्या नावापुढे ए. कु. मॅ., एकत्र कुटुंब मॅनेजर.

यातून एक गोष्ट मला लख्ख दिसली. जुन्या महसुली दप्तरात साध्या कुणब्याच्या घरातल्या बाईचं नाव यायचं ते बहुधा विधवा झाल्यावरच. नवऱ्याच्या आधी जी गेली, तिचं नाव कागदावर यायला वाटच नव्हती. सवाष्ण मेली म्हणून गावाने तिचं कौतुक केलं असेल, पण दप्तरात ती राहिली नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसनोंदीत मुलींची नावं येऊ लागली, आणि पुष्कळदा दोन-चार फेरफारांनंतर हक्कसोडपत्राने निघूनही गेली. आम्हा बहिणींचंही तसंच झालं. सही मी खुशीने केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शंभर वर्षांनी कोणी माझ्या भावाचं खातं उघडेल तेव्हा त्या एका फेरफारात तरी मी सापडेन. माझ्या आजीला तेवढीही जागा मिळाली नाही.

पणजोबा गेले कशाने, ते जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात कळलं. गाव नमुना चौदा, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. ऑक्टोबर 1918 चं पान मी पाहिलं. त्या साली जगभर इन्फ्लुएंझाची साथ होती; आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. रोगाच्या रकान्यात मात्र ते नाव नाही. तिथे वरपासून खालपर्यंत ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. लिहिणाऱ्याने पुढे पुढे नुसत्या खुणा केल्या आहेत. एकाच घरातली तीन माणसं लागोपाठच्या ओळींत. कुठे वय ‘अंदाजे 30’, कुठे नुसतं ‘अमक्याची बायको’. त्याआधीच्या जन्माच्या पानांवर बारशाआधीच वर्दी दिल्यामुळे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच, नाव नाही. त्यातली काही मुलं वर्षाच्या आत मृत्यूच्या पानावर येतात, तिथेही नावाविना. इतिहासाच्या पुस्तकात 1918 ची साथ एका वाक्यात संपते. आमच्या गावापुरती ती त्या पानावर आहे, आणि ते पान कडेने तुटत चाललं आहे.

या मुलखात कागदाचा आणि रयतेचा संबंध साधा कधीच नव्हता. चौफुल्यावरून मोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुपे लागतं. तिथे 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. लोकांना हवे होते ते रोखे, खतं, हुकूमनामे. ते मिळाले तिथे जाळले, आणि जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लावला नाही. त्याआधी 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातलाच होता. चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. त्याने शेतकऱ्याचं कर्जखत गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर करणं बंधनकारक केलं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी कागद म्हणजे गळ्याचा फास होता, म्हणून त्यांनी तो जाळला. त्यांच्या पणतवंडांना आज वाचता येतं. कागदाचा धाक संपलेली ही पहिलीच पिढी आहे, म्हणून हे कागद वाचण्या-जपण्याचं काम आत्ताच व्हायला हवं.

ब्राह्मण घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले गेले आहेत, जाडजूड, पिढ्यांच्या तक्त्यांसह. सरदार-देशमुखांची दप्तरं पेशवे दफ्तरात आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत. शेतकऱ्याचा कुलवृत्तान्त म्हणजे त्याचे फेरफार. आणि ज्यांना जमीनच नव्हती, त्यांचं काय? महार, मांग, रामोशी, बारा बलुत्या-अठरा अलुत्यांतली कितीतरी घरं. काही वतनाच्या कागदांत येतात. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावं कोरली आहेत आणि त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ज्यांचं नाव कोणी लिहून ठेवत नव्हतं, त्यांची नावं तिथे दगडावर राहिली. पण गावात राहून राबलेल्यांची नावं फक्त कोतवाल बुकात आहेत. गावातला प्रत्येक माणूस, कोणत्याही जातीचा, जमीन असलेला वा नसलेला, जन्माला आला आणि मेला म्हणून ज्यात येतो, अशी ती एकच वही. म्हणून मी तिला सातबाऱ्याहून मोठी मानते.

मॉरिशसला ऊस तोडायला गेलेल्या गिरमिटियांची नोंद याहून चांगली ठेवली गेली, हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे गेली, त्यांत आपल्या कोकणातलेही होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरं आहेत: नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. बाईला तिचा स्वतःचा नंबर. आज तिथली मराठी माणसं त्या नोंदीचा कागद घेऊन रत्नागिरीकडे आपलं गाव शोधत येतात. मळेवाल्यांना मजूर मोजायचे होते म्हणून त्या नोंदी झाल्या, हे खरं. पण पुढे त्या जपल्या गेल्या आणि वंशजांना खुल्या केल्या गेल्या. आपल्याकडे बाई गावात राहिली आणि कागदावरून गेली.

आता मागणी. शिंदे समितीच्या कामात रजिस्टरं एकदा उघडली गेली, मोडी वाचणारी माणसं बसवली गेली, स्कॅनर आले. अवघड भाग तोच होता आणि तो झाला. पण संकेतस्थळावर चढली ती ‘कुणबी’ शब्द असलेली पानं. बाकीची पानं का नाहीत? अख्खं रजिस्टर स्कॅन करा, गाववार लावा, आणि पानांवरची नावं बाळबोधीत उतरवून शोधता येतील अशी ठेवा. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जुने सातबारे आणि फेरफार मिळू लागले आहेत, ते चांगलं काम आहे. त्यात कोतवाल बुकं आणि शाळांची जुनी रजिस्टरं आली पाहिजेत. शाळांची तर आधी. कारण ती मुख्याध्यापकांच्या कपाटात आहेत, शाळा गळतात, आणि वाळवीला कोणाची परवानगी लागत नाही.

यावर मला सांगितलं जातं, जुने कागद उघडे केले तर भावकीत भांडणं लागतील. भांडणं आजही लागतात, आणि पुष्कळदा कागद एकाच भावाकडे असतो म्हणून लागतात. आजचा सातबारा कोणालाही मोबाइलवर दिसतो. मग शंभर वर्षांपूर्वीच्या फेरफाराने काय आभाळ कोसळणार आहे? दुसरी हरकत मला जास्त गंभीर वाटते. त्या पानांवर जातीचे रकाने आहेत, आणि काही शब्द असे की आज ते वाचताना मान खाली जाते. कोणाच्या घरात कोण अनौरस, कोण टाकलेली, हेही असतं. म्हणून अलीकडच्या काळाची पानं बंद राहावीत, जुनी खुली व्हावीत, आणि ही रेघ सरकारने कायद्याने आखावी. रेघ आखता येत नाही म्हणून सगळंच बंद, हे मात्र मान्य नाही.

मोडी वाचणाऱ्यांचाही विचार झाला पाहिजे. पुणे अभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते सरसर वाचू शकणारी माणसं फार थोडी. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि इतर संस्थांत वर्ग चालतात, मुलं येतात, परीक्षा देतात. पण पुढे पोटापाण्याला काय? समितीच्या घाईत त्यांना शोधून आणलं, पानामागे पैसे दिले, आणि घाई संपली की ती घरी. प्रत्येक तालुक्याच्या अभिलेख कक्षात एक मोडी वाचक कायमचा नेमला, तर दहा वर्षांत तालुक्याचं सगळं दप्तर वाचून होईल. निवृत्त शिक्षक, शिक्षिका यात हवे तेवढे मिळतील. आम्हाला हजेरीची वही नीट ठेवायची सवय आहे.

राहिली वंशावळ. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचं सरकारने ठरवलं, बरं झालं. मग वंशावळीच्या नमुन्यातही प्रत्येक पुरुषाच्या शेजारी त्याच्या बायकोचं नाव आणि तिचं माहेर, आणि प्रत्येक पिढीतल्या मुलींची नावं का नसावीत? दाखल्यासाठी लागत नाहीत, हे उत्तर पुरेसं नाही. लाखो घरं ज्या वेळी आपली वंशावळ लिहून स्टँपपेपरवर शपथ घेत आहेत, त्याच वेळी अर्धं घर त्यातून गाळलं जातं आहे, आणि पुढच्या पिढ्या हाच कागद खरा मानणार आहेत.

बायकांनी स्वतःचं जे ठेवलं ते जात्यावर ठेवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावागावांतून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणारीचं नाव आणि गाव यांसह. सरकारी वहीला जमलं नाही ते त्यांनी केलं. माझ्या पणजीचं माहेर मला अशाच तोंडी वाटेने मिळालं. घरातल्या नव्वदीच्या चुलतआजीला आठवत होतं की भाऊबिजेचं लुगडं भीमेपलीकडून, शिरूरच्या बाजूच्या एका गावाहून यायचं. ती गेल्या वर्षी वारली. तिला विचारायचं राहून गेलं असतं तर कोणत्याही दप्तरात ते गाव सापडलं नसतं.

भांडगावच्या येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी अर्ज देणार आहे: गावाचं कोतवाल बुक आणि शाळेचं जुनं रजिस्टर पूर्ण स्कॅन करून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, असा ठराव व्हावा. तुमच्याही गावात द्या. अर्ज एका पानाचा असतो. आणि ठरावाची वाट न पाहता, घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना त्यांच्या आजीचं नाव आणि माहेर आज विचारून घ्या, आणि तारीख घालून लिहून ठेवा.